अमेरिकेत आपल्याच पक्षाच्या सिनेटरला प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) आव्हान देणारे दोघे, डेमोक्रॅट नेड लॅमन्ट की रिपब्लिकन रिचर्ड मर्डॉक, कोणाचं चॅलेंज भारी?

मला विचाराल तर लॅमन्टचं. २००६ ला कनेक्टिकटमधे इराक युद्धाच्या मुद्द्यावर त्याने युद्धाला पाठिंबा देणाऱ्या सिनेटर लिबरमनला प्रायमरीत ५२-४८ असं पाडलं, पण लिबरमन अपक्ष उभा राहिला आणि नोव्हेंबरमधे रिपब्लिकन मतं खेचून सीट टिकवली.

इंडियानात २०१२ ला मर्डॉकने लुगारला तर प्रायमरीत ६० टक्क्यांवर मतं घेऊन लोळवलं, लुगार ३६ वर्षं सिनेटर हो, आणि मतदार यादीत त्याचा पत्ता कुठला, तर १९७७ मधे विकलेल्या घराचा! लोक चिडणारच ना. पण मर्डॉक डिबेटमधे बलात्कारातून राहिलेल्या गरोदरपणाबद्दल जे बोलला ते भयंकरच होतं, सीट सरळ डेमोक्रॅट डॉनलीकडे गेली.

लॅमन्ट २०१९ पासून कनेक्टिकटचा गव्हर्नर आहे.