खासगी विहिरीत आर्सेनिक: तपासणी, फिल्टर की सामाईक नळ?

खडकातून पाण्यात उतरलेलं विषारी आर्सेनिक दिसत नाही, चवीला लागत नाही, त्याचा वासही येत नाही. म्हणून विहीर खासगी असली तरी पहिली हालचाल बऱ्याचदा स्थानिक संस्थेलाच करावी लागते. पण नेमकं काय करायचं?

सर्वांत स्वस्त तपासणी. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २००१ च्या कायद्याने घर विकताना विहिरीचं पाणी तपासणं सक्तीचं झालं. सरकारी तिजोरीवर भार कमी. पण जे घर विकायलाच निघत नाही, तिथली विहीर तशीच राहते. बांगलादेशाने उलट वाट धरली. तिथे लाखो कूपनलिका तपासून दूषित पंपांना लाल आणि बाकीच्यांना हिरवा रंग दिला. अक्षरओळख नसली तरी कळावं असं हे काम! शिवाय आर्सेनिक एका पंपात भरपूर आणि शेजारच्यात नगण्य असू शकतं, त्यामुळे लाल पंपवाल्याला चार पावलांवर हिरवा सापडण्याची शक्यता असते. मला हीच तऱ्हा उजवी वाटते. मेख एवढीच, की तिथला रंग लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर ठरला आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १० ची आहे. म्हणजे हिरव्या पंपातही ४० निघू शकतं. रंग उडतो, नवे पंप बसतात, ते वेगळंच.

घरोघरी फिल्टर वाटणं सोपं, चालवणं कठीण. आतलं शोषक द्रव्य संपलं तरी पाणी पूर्वीसारखंच नितळ दिसतं, त्यामुळे घरातल्यांना पत्ता लागत नाही. फिल्टरच्या किमतीबरोबरच पुढच्या बदलीचा आणि फेरतपासणीचा खर्चही आधी मांडा. तो मांडता येत नसेल तर वाटपाचा कार्यक्रम नकोच. आर्सेनिक-फ्लोराइडला स्वयंपाकघरातला एक फिल्टर पुरतो. रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू मात्र आंघोळीच्या पाण्यातूनही हवेत येतो, तिथे घरात शिरतानाच पाणी शुद्ध करावं लागतं. (आर्सेनिकचं पाणी उकळून काही साधत नाही, उलट आटलं की प्रमाण वाढतं.)

सामाईक नळयोजना सर्वांत महाग, पण तपासायची जागा एक आणि जबाबदार माणूसही एक.

तेव्हा आधी तपासणीचे आकडे नकाशावर मांडा. चांगल्या-वाईट विहिरी मिसळलेल्या दिसल्या तर रंगकाम करा. सगळा भाग वाईट आणि वस्ती दाट असेल तर नळ. घरं विखुरलेली असतील तरच फिल्टर, तेही देखभालीला माणूस नेमून.