बाउंड्री व्हॅल्यू टेस्टिंगचा ऑनलाइन कोर्स केला, त्याचा रिव्ह्यू

चार वर्षं सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग करतेय, त्यामुळे बाउंड्री व्हॅल्यू (म्हणजे मर्यादेवरच्या आणि तिच्या लगतच्या व्हॅल्यू टाकून तपासणं) म्हटलं की उत्तर तोंडपाठ, वय 18 ते 60 असेल तर 17, 18, 60, 61 टाकायचं आणि पुढच्या फील्डकडे वळायचं. टेस्ट केस डिझाइनच्या या कोर्समध्ये बाउंड्रीलाच अख्खे तीन तास दिलेत हे बघून वाटलं एवढं काय सांगणार आहेत, पण सगळ्यात कामाचा भाग तोच निघाला. म्हणून त्याच्याबद्दलच लिहितेय. बाकीचे धडे ठीक आहेत, डिसिजन टेबलचा (अटींची कॉम्बिनेशन्स आणि त्यांचे निकाल तक्त्यात मांडायची पद्धत) मात्र घाईघाईत गुंडाळलाय.

सर एका साध्या कंडिशनवर वीसेक मिनिटं थांबतात आणि तीच वीस मिनिटं मला सगळ्यात आवडली. रिक्वायरमेंट अशी की तापमान 4 डिग्री किंवा त्याहून कमी झालं की अलार्म वाजला पाहिजे. आता समजा डेव्हलपरने चुकून "बरोबर 4 असेल तर" असं लिहिलं. आपण 4 टाकतो, अलार्म वाजतो. 5 टाकतो, वाजत नाही. दोन्ही केस पास, रिपोर्ट हिरवागार, आणि तापमान 3 वर गेलं की सगळं शांत! 3 टाकून बघितलं असतं तर तिथेच सापडलं असतं. आयएसटीक्यूबीच्या (टेस्टर्सना सर्टिफिकेट देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) फाउंडेशन सिलॅबसमध्ये दोन व्हॅल्यूची (मर्यादा आणि तिच्या पलीकडचा शेजारी) आणि तीन व्हॅल्यूची (मर्यादा आणि दोन्हीकडचे शेजारी) अशा दोन्ही पद्धती आहेत, परीक्षेसाठी मी त्या वाचल्याही होत्या, पण ती तिसरी व्हॅल्यू नक्की कशासाठी हे डोक्यात शिरलं ते इथे.

मग ते तेच उदाहरण पुढे नेतात. सेन्सर एक दशांश स्थळ देत असेल तर 4 चा शेजारी 5 नाही, 4.1 आहे. कोडमध्ये कुठेतरी दशांश कापला जात असेल तर 4.9 चं सुद्धा 4 होतं आणि अलार्म उगाच वाजतो, आणि आपण 4 आणि 5 तपासून निवांत बसलेलो असतो. म्हणजे आधी सगळ्यात छोटी पायरी केवढी आहे ते विचारायचं, मग व्हॅल्यू ठरवायच्या. मी आता रिक्वायरमेंट मीटिंगमध्ये हा प्रश्न विचारतेच, आणि बऱ्याचदा उत्तर कुणाकडेच तयार नसतं.

केसेस किती लिहायच्या याचा हिशोबही छान समजावलाय. एका वेळी एकच फील्ड टोकाला न्यायचं आणि बाकीची मधल्या व्हॅल्यूवर ठेवायची, तर तीन फील्डना 13 केस होतात (प्रत्येक फील्डच्या टोकांजवळच्या चार, आणि सगळं मधल्या व्हॅल्यूवर असलेली एक), रेंजच्या बाहेरच्या प्रत्येकी दोन व्हॅल्यू धरल्या तर 19. आणि प्रत्येक फील्डच्या पाच व्हॅल्यूंची सगळी कॉम्बिनेशन्स घ्यायची म्हटलं तर थेट 125. दोन फील्ड एकमेकांवर अवलंबून असतील तर तेवढ्या जोडीपुरती कॉम्बिनेशन्स घ्या, बाकीच्यांना 13 वाला हिशोब पुरतो असं ते सांगतात, आणि माझ्या अनुभवात हे पटतं.

स्पेकमध्ये (म्हणजे लेखी रिक्वायरमेंटमध्ये) न लिहिलेल्या बाउंड्रीवर एक धडा आहे, त्यात इंग्लंडचं 2020 चं उदाहरण घेतलंय. जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये एका शीटला 65,536 ओळींची मर्यादा, त्यामुळे डेटा कापला गेला आणि 15,841 कोविड केसेस वेळेवर रिपोर्टच झाल्या नाहीत. ही मर्यादा रिक्वायरमेंटमध्ये कोण लिहिणार, ती फाइल फॉरमॅटमध्ये दडलेली होती. तारखांच्या भागात 29 फेब्रुवारीसाठी 1900 आणि 2000 दोन्ही वर्षं तपासायला लावतात (2000 लीप वर्ष, 1900 नाही), ते पण मस्त.

आता तक्रार. मजकुराच्या लांबीवर मोजून पाच मिनिटं दिलीत आणि सगळी उदाहरणं इंग्रजी अक्षरांची. हे मला खरंच खटकलं, कारण कोर्स संपल्यावर पहिला बग मला तिथेच सापडला. आमच्या एका फॉर्मवर नावाला 50 ची मर्यादा होती, इंग्रजीत 49, 50, 51 सगळं बरोबर चाललं. मग मी "श्री" एकापाठोपाठ एक टाकत गेले. डोळ्यांना ते एक अक्षर दिसतं, पण आत श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे चार कोड असतात, आणि यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे एका "श्री"ला 12. स्क्रीन कॅरेक्टर मोजत होती आणि डेटाबेस बाइट, त्यामुळे स्क्रीनला पाच "श्री" म्हणजे फक्त 20 वाटले आणि डेटाबेसमध्ये 60 बाइट गेले, सेव्ह झाले चारच. मराठीत नाव लिहिणाऱ्या माणसाचं नाव अर्ध्यात तुटत होतं आणि आमच्या सगळ्या बाउंड्री केस पास होत्या. हा भाग कोर्समध्ये नसणं म्हणजे मोठीच उणीव आहे, मी फीडबॅकमध्ये हेच उदाहरण सविस्तर लिहून पाठवलंय.

क्विझ पण सुधारायला हव्यात, फक्त आकडा निवडायचा असतो, तोच का निवडला हे कुणी विचारत नाही.

पाचपैकी चार स्टार. अगदी नवीन असाल तर आधी इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंगचा (सारखं वागणाऱ्या व्हॅल्यूंचे गट पाडायचा) धडा बघा आणि मगच या भागाकडे या, नाहीतर मर्यादा कुठून आली तेच कळणार नाही. दोन-तीन वर्षं काम केलेलं असेल तर थेट तापमानाच्या उदाहरणापासून सुरू केलंत तरी चालेल, फक्त शेजारी स्वतःच्या प्रोजेक्टचा एखादा फॉर्म उघडून ठेवा.