पाच प्रकरणांचा प्रस्ताव-साचा: अनेक खात्यांच्या एकत्रित निधीमागणीला कितपत पुरतो?

तीन-चार खाती मिळून एक कार्यक्रम मांडतात, तेव्हा वित्त विभागाकडून फाईल परत येण्याचे कारण बहुधा मागितलेली रक्कम नसते. खर्च कोणाचा, फायदा कोणाचा आणि जबाबदार कोण, या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावाच्या वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळी निघतात, आणि तपासणारा अधिकारी तिथेच पेन खाली ठेवतो. ब्रिटनच्या अर्थ मंत्रालयाचा, म्हणजे एचएम ट्रेझरीचा, ‘फाइव्ह केस मॉडेल’ हा साचा या दुखण्यावर बऱ्यापैकी लागू पडतो. तो आणि खर्चाच्या मूल्यमापनाचे नियम सांगणारे ‘ग्रीन बुक’ दोन्ही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. प्रकल्पासाठी वेगळी आणि कार्यक्रमासाठी वेगळी अशा दोन मार्गदर्शिकाही २०१८ मध्ये निघाल्या. बहुखाती कामाला कार्यक्रमाची मार्गदर्शिका घ्यावी.

आमचे मत आधीच सांगतो. साचा चांगला आहे, उपलब्ध साच्यांत आम्ही तो सर्वांत वर ठेवू. पण त्याची रचना एका खात्याला समोर ठेवून केलेली आहे. प्रकरणे खात्यांत वाटून दिली, एकाने धोरण लिहिले, दुसऱ्याने आकडे, तिसऱ्याने अंमलबजावणी, की साचा आपल्यावर उलटतो. प्रत्येक प्रकरण सर्व खात्यांनी एकत्र बसून भरले तरच तो कामाचा.

पाच प्रकरणे पाच प्रश्न विचारतात. धोरणात्मक प्रकरण: हे काम का हवे? आर्थिक: उपलब्ध पर्यायांपैकी समाजाला सर्वाधिक मोल कोणता देतो? व्यावसायिक: हे कोणाकडून आणि कोणत्या अटींवर घेता येईल? वित्तीय: पैसा आहे का आणि कोणत्या वर्षी लागेल? व्यवस्थापकीय: हे खरोखर पार कसे पाडणार? मोठ्या खर्चाचा प्रस्ताव तीन टप्प्यांत वाढतो. आधी धोरणात्मक रूपरेषा, मग सविस्तर रूपरेषा, शेवटी पूर्ण प्रस्ताव. पाचही प्रकरणे पहिल्या टप्प्यापासून असतात, फक्त त्यांची खोली वाढत जाते. पहिल्या टप्प्यात व्यावसायिक प्रकरण दोन पानांचे असले तरी चालते. कोरे चालत नाही.

पुढचे सगळे एका उदाहरणावर पाहू. वृद्ध माणसे घरात पडतात, हाड मोडते, रुग्णालयात राहावे लागते. गृहनिर्माण खाते घरांत आधाराच्या दांड्या आणि चांगला उजेड बसवणार, समाजकल्याण खाते धोक्यातील घरे शोधणार, आरोग्य खाते तोल सांभाळण्याच्या व्यायामाचे वर्ग घेणार. खर्चाचा मोठा वाटा गृहनिर्माणाचा, बचत मात्र रुग्णालयांची.

साच्याची सर्वांत मोलाची मागणी म्हणजे ‘आहे तसे चालू ठेवले तर’ हा पर्याय. तो प्रत्येक प्रस्तावात मांडावाच लागतो आणि बाकीचे सगळे पर्याय त्याच्याशी ताडून पाहिले जातात. बहुखाती प्रस्ताव मोडतात ते प्रामुख्याने इथे. एक खाते गेल्या वर्षीचा खर्च पायाभूत धरते, दुसरे वाढत्या वृद्धसंख्येचा अंदाज धरते, तिसरे आधीच मंजूर झालेली पण सुरू न झालेली योजना त्यात मिळवते. मग फरकाचा आकडा निघतो तो तीन वेगळ्या पायांवर उभा असतो. साच्यात यासाठी वेगळी जागा नाही, म्हणून ती आपण करायची: पहिले प्रकरण लिहायला घेण्यापूर्वी एक पानाची आधार-टिपणी. तिच्यात किमतींचे आधारवर्ष, मूल्यमापनाचा कालावधी, भौगोलिक हद्द, लोकसंख्येचा कोणता अंदाज, आणि कोणत्या मंजूर योजना आधीपासून चालू धरल्या, एवढेच. सर्व खात्यांच्या वित्त अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी स्प्रेडशीट उघडू नये. हद्दीकडे विशेष लक्ष द्यावे. आरोग्याचे विभाग आणि गृहनिर्माणाचे विभाग नकाशावर क्वचितच जुळतात, आणि हे तिसऱ्या मसुद्यात कळले तर सगळी गणिते पुन्हा करावी लागतात.

त्यानंतर उद्दिष्टे. ती पाच-सहाच्या पुढे जाऊ देऊ नयेत आणि प्रत्येकाला मोजमाप व मुदत असावी. प्रत्येक खाते आपले एकेक लाडके उद्दिष्ट घुसवू पाहते. ‘खात्यांमधील समन्वय वाढवणे’ हे तर सर्वांनाच मान्य होते, म्हणून ते हमखास येते. ते काढून टाकावे. समन्वय हे साधन आहे, आणि त्यासाठी कोणी निधी देत नाही. ‘६५ वर्षांवरील व्यक्तींचे पडण्यामुळे होणारे रुग्णालय-प्रवेश तीन वर्षांत अमुक संख्येवरून तमुक संख्येवर आणणे’ हे उद्दिष्ट झाले.

पर्यायांची लांब यादी करण्यासाठी साचा पाच पायऱ्या देतो: व्याप्ती, उपाय, सेवा कोण देणार, अंमलबजावणीचा वेग, निधीचा स्रोत. या क्रमाने गेल्यास बैठकीत होणारी ओढाताण बरीच कमी होते, कारण ‘कोणती घरे घ्यायची’ यावर एकमत होईपर्यंत ‘काम कोणाच्या हातात’ हा वाद सुरूच होत नाही. शेवटच्या छोट्या यादीत आहे ती स्थिती, किमान आवश्यक काम, पसंतीचा पर्याय आणि त्याहून कमी किंवा अधिक महत्त्वाकांक्षी असा निदान एक पर्याय हवा. मुद्दाम कमकुवत केलेले पर्याय ठेवून आपला पर्याय उजळ करू नये. तपासणारा माणूस सर्वांत आधी ‘किमान काम’ हाच पर्याय उचलून विचारतो की एवढ्यावर का भागणार नाही, आणि त्याचे उत्तर आकड्यांत लागते.

आता ज्या दोन प्रकरणांची गल्लत सर्वाधिक होते ती: आर्थिक आणि वित्तीय. आर्थिक प्रकरण साऱ्या समाजाच्या नजरेने पाहते. त्यात किमती स्थिर धरतात. मूल्यवर्धित कर, अनुदाने यांसारखी एका खिशातून दुसऱ्यात जाणारी रक्कम आणि घसारा वगळतात. आधीच होऊन गेलेला खर्चही धरत नाहीत. वित्तीय प्रकरण तिजोरीच्या नजरेने पाहते. तिथे महागाई धरून त्या त्या वर्षी प्रत्यक्ष लागणारी रक्कम येते, करही येतो. ग्रीन बुकने २००३ मध्ये सवलतीचा, म्हणजे पुढच्या वर्षांतील रक्कम आजच्या मोलावर आणण्याचा, वार्षिक दर ६ वरून ३.५ टक्के केला, आणि हा दर महागाई वगळून आहे. महागाई धरलेल्या रकमेला तोच दर लावला की काय होते ते पाहा. स्थिर किमतीत पाचव्या वर्षीचा १०० चा खर्च आजच्या मोलाने ८४.२ होतो. पण ५ टक्के महागाईने आधी तो १२७.६ केला आणि मग ३.५ टक्क्यांनी खाली आणला, तर उत्तर १०७.५ येते. एकाच खर्चाच्या दोन किमती, आणि चूक कुठे झाली ते बेरजेत दिसत नाही. खाती आपापली पत्रके पाठवतात तेव्हा एकाची किंमत स्थिर आणि दुसऱ्याची महागाईसह असणे नेहमीचेच. उपाय सोपा आहे: प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात किमतींचे वर्ष लिहावे, आणि शेवटी आर्थिक प्रकरणातून वित्तीय प्रकरणापर्यंत जाणारा ताळमेळाचा तक्ता जोडावा. त्यात पसंतीच्या पर्यायाची स्थिर रक्कम, अधिक महागाई, अधिक कर, अधिक हस्तांतरणे, आणि खाली अर्थसंकल्पीय मागणी. हे एक पान जोडलेले दिसले की अर्धे आक्षेप उठतच नाहीत.

अति-आशावादाची, म्हणजे खर्च कमी धरण्याच्या सवयीची, तरतूद ही साच्याची दुसरी मोठी जमेची बाजू. २००२ मध्ये ब्रिटनमधील जुन्या मोठ्या प्रकल्पांच्या अभ्यासावरून भांडवली खर्चावर किती वाढ धरावी याच्या कमाल मर्यादा ठरल्या: साध्या इमारतींना २४ टक्के, वेगळ्या धाटणीच्या इमारतींना ५१, वेगळ्या धाटणीच्या बांधकाम-अभियांत्रिकीला ६६, आणि उपकरणे व प्रणाली विकासाला तब्बल २००. सुरुवात कमाल आकड्यापासून करायची आणि जोखीम कमी केल्याचा पुरावा हाती येईल तसे खाली यायचे. बहुखाती प्रस्तावात सगळ्या बेरजेवर सरसकट १० टक्के आकस्मिक खर्च लावण्याची सवय असते, ती इथे मोडावी लागते. आपल्या उदाहरणात घरांतील दुरुस्ती साध्या कामात बसेल, पण धोक्यातील घरांची तिन्ही खात्यांना दिसणारी नोंदप्रणाली शेवटच्या वर्गात जाते. दोन्हींना वेगळा दर लावावा. जोखमींची किंमत स्वतंत्रपणे काढली असेल तर तेवढी वाढ कमी करावी, नाहीतर तीच जोखीम दोनदा मोजली जाते.

फायदे दुसऱ्या खात्याच्या पदरात पडतात तेव्हा मात्र साचा एकटा अपुरा पडतो. आर्थिक प्रकरणात समाजाचा एकूण फायदा मोठा दिसतो, पण गृहनिर्माण खात्याच्या वित्तीय प्रकरणात नुसता खर्चच दिसतो आणि त्या खात्याचा प्रमुख सही करायला कचरतो. इथे इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टर या महानगर भागाच्या संयुक्त प्राधिकरणाची खर्च-लाभ स्प्रेडशीट जोडीला घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. तीही विनामूल्य आहे, आणि तिच्यावर आधारलेले मार्गदर्शन ट्रेझरीने २०१४ मध्ये स्वीकारले. ती फायद्याची विभागणी संस्थेनुसार करते, सरकारी तिजोरीचा फायदा व्यापक सामाजिक फायद्यापासून वेगळा दाखवते, माहितीचा दर्जा कमी असेल तर फायदा आपोआप कमी धरते, आणि बचतीतला प्रत्यक्ष हाती येणारा भाग वेगळा काढायला लावते. हा शेवटचा स्तंभ अत्यंत महत्त्वाचा आहे. आठवड्याला तीन रुग्ण कमी आले म्हणून कक्षातल्या परिचारिका, वीज, भाडे यांत काहीच घटत नाही. औषधे आणि जेवणाचा खर्च तेवढा वाचतो. रोख बचत दिसते ती खाटा बंद केल्या किंवा कक्षच हलवला तर. म्हणून प्रति-रुग्ण सरासरी खर्चाला रुग्णसंख्येने गुणून काढलेली बचत आरोग्य खात्याचा लेखाधिकारी पहिल्याच वाचनात खोडतो, आणि ते योग्यच असते. मोकळी झालेली क्षमता ‘क्षमता’ म्हणून दाखवावी, रोख म्हणून नव्हे. शिवाय, ज्यांनी योजना नसतानाही स्वतःच्या पैशाने दांड्या बसवल्याच असत्या, ती घरे फायद्यातून वजा करावी लागतात.

व्यावसायिक प्रकरणावर फार वेळ घालवू नये. साचा इथे निविदा आणि पुरवठादारांच्या भाषेत बोलतो. खाती एकमेकांना सेवा देणार असतील तर त्या जागी सेवा-करार जोडावा: कोण, काय, किती, किती दिवसांत, आणि जमले नाही तर काय.

व्यवस्थापकीय प्रकरण शेवटी येते म्हणून घाईत लिहिले जाते. ती मोठी चूक. साचा एकच अंतिम जबाबदार अधिकारी मागतो. खाती इथे संयुक्त समितीचे नाव देऊ पाहतात, कारण ते कोणालाच दुखावत नाही, पण समितीला कोणी जाब विचारू शकत नाही. एकच नाव द्यावे, आणि समितीचे अधिकार व वाद वर नेण्याची वाट खाली लिहावी. फायद्यांच्या नोंदवहीत प्रत्येक फायद्यासमोर आजचा आकडा, अपेक्षित आकडा, मोजण्याची तारीख, माहितीचा स्रोत आणि तो फायदा ज्याच्या खात्यात येणार त्या अधिकाऱ्याची सही हवी. आरोग्य खाते सही करत नसेल तर तो फायदा प्रस्तावात राहू नये. खात्यांमध्ये वैयक्तिक माहिती देण्याघेण्याचा करार वेळापत्रकात स्वतंत्र काम म्हणून घालावा. तो नसला की घरे शोधण्याचे काम सुरू होत नाही, आणि पहिल्या वर्षीचा निधी पडून राहतो.

ब्रिटनमध्येही या साच्याचा गैरवापर होत आला आहे. ट्रेझरीने २०२० मध्ये स्वतःच घेतलेल्या आढाव्यात म्हटले की प्रस्तावांचा भर लाभ-खर्च गुणोत्तरावर अवाजवी असतो आणि धोरणात्मक प्रकरण कच्चे राहते. यावर एक साधी तपासणी करता येते. कोणतेही एक उद्दिष्ट उचलावे आणि ते आर्थिक प्रकरणातील फायदा, वित्तीय प्रकरणातील वर्षनिहाय रक्कम आणि नोंदवहीतील मालक इथपर्यंत त्याच आकड्याने पोहोचते का ते पाहावे. मध्ये कुठे आकडा बदलला किंवा दुवा तुटला, तर प्रस्ताव अजून तयार नाही.

छोट्या, वादरहित कामासाठी याच चौकटीचा एका टप्प्याचा संक्षिप्त नमुना आहे. दोन खात्यांची मर्यादित खरेदी त्यात भागते. मोठ्या कामात आणखी एका गोष्टीची तयारी साचा करून देत नाही. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना एखादे खाते अंग काढून घेते. म्हणून स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक खात्याचा खर्च आणि फायदा पहिल्यापासून वेगळ्या ओळीत ठेवावा आणि ती ओळ शून्य केली तर निव्वळ मोल किती उरते ते संवेदनशीलतेच्या तक्त्यात, म्हणजे गृहीतक बदलले तर उत्तर किती बदलते ते सांगणाऱ्या तक्त्यात, आधीच दाखवावे. व्यायामाचे वर्ग वगळूनही काम परवडत असेल तर तसे लिहावे. परवडत नसेल, तर आरोग्य खात्याची लेखी हमी ही निधी सोडण्याची अट म्हणून प्रस्तावातच घालावी.