एकच माहितीपट दाखवायचा असेल तर

वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा घरीच मुलांना घेऊन बसायचं आहे, हाताशी जेमतेम दीड-दोन तास आहेत आणि विषय आहे पृथ्वीवरून पुसल्या जाणाऱ्या जीवांचा. असं ठरलं की फिरून फिरून गाडी दोन नावांवर येते: डेव्हिड अ‍ॅटनबरोंचा 'अ लाइफ ऑन अवर प्लॅनेट' (2020) आणि लुई सिहोयोस यांचा 'रेसिंग एक्स्टिंक्शन' (2015). आमच्या वाचनालयात मी हे दोन्ही पंधरा दिवसांच्या अंतराने दाखवले, प्रेक्षकही बहुतेक तेच होते. त्यामुळे जे लिहितोय ते त्या दोन संध्याकाळींच्या भरवशावर.

अ‍ॅटनबरोंच्या माहितीपटाची बांधणी पक्की आहे. सुरुवात चेर्नोबिलशेजारच्या ओस पडलेल्या प्रिप्यात शहरात होते आणि मग एका माणसाच्या आयुष्याच्या काठाने आपण पुढे सरकतो. मध्ये मध्ये पडद्यावर तीन आकडे येतात: जगाची लोकसंख्या, हवेतला कार्बन आणि शिल्लक राहिलेला निसर्ग. 1937 साली 2.3 अब्ज माणसं आणि 66 टक्के निसर्ग. 2020 मध्ये 7.8 अब्ज माणसं आणि 35 टक्के निसर्ग. नववीतल्या एका मुलीने हे सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. शिकवायला याहून सोपं साधन मिळणं कठीण. शिवाय शेवटी मार्गही दाखवला आहे. कोस्टारिकात जंगल पाव हिश्श्यावर आलं होतं, ते पुन्हा निम्म्या भूमीवर कसं पसरलं, हे पाहून मुलं सावरून बसतात. लहान मुलं असतील तर हे फार मोलाचं आहे.

माझं अडलं ते एकाच जागी. पार्श्वसंगीत. ते वाईट नाही, उलट उत्तम आहे, पण ते थांबतच नाही. झाडं आडवी झालेल्या बोर्निओत उरल्यासुरल्या खोडाला एक ओरांगउटान बिलगलेला दिसतो. त्या उघड्या माळावर वारा कसा वाजत असेल, पान हलल्याचा तरी आवाज येत असेल का, हे मला ऐकायचं होतं. ऐकू आली ती व्हायोलिनं. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं की इथे गलबलायचं आहे. एकदा लक्षात आल्यावर मग सुटका नाही. घरी दुसऱ्यांदा पाहताना मी थोडा वेळ डोळे मिटून नुसतं ऐकलं. जंगल आलं की सूर चढे, जंगल गेलं की सूर उतरे, आणि खुद्द जंगलाचा आवाज त्यात कुठेतरी तळाशी. इतरांना हे खटकेलच असं नाही. पण त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य काय होतं, तर "काय फोटोग्राफी आहे हो!" चहा होईपर्यंत गप्पा कॅमेऱ्याच्याच चालल्या. मला ते फार लागलं.

आता दुसरा. 'रेसिंग एक्स्टिंक्शन'मध्ये दोष ढळढळीत आहेत. छुपे कॅमेरे लावून व्हेलचं मांस विकणाऱ्या हॉटेलात शिरणं, रंग बदलणारी गाडी, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीवर प्राण्यांची चित्रं झळकवणं. चित्रपट बनवणारी मंडळीच बराच वेळ पडद्यावर वावरतात. विषयही इकडून तिकडे उड्या मारतो. बांधणीच्या बाबतीत अ‍ॅटनबरो सरळसरळ पुढे.

पण त्यात एक पक्षी गातो. हवाई बेटांपैकी काउआईवरचा ओओ: काळा, पायांवर पिवळी पिसं. बाहेरून आलेले उंदीर, डासांनी पसरवलेला मलेरिया, कमी होत गेलेलं जंगल, वरून चक्रीवादळं. 1987 नंतर तो कुणी ऐकला नाही. उरलेल्या शेवटच्या नराचं ध्वनिमुद्रण या माहितीपटात ऐकवलं आहे. ओओची जोडी एकमेकांना साद घालत गाते. नर आपल्या वाट्याचे सूर गातो, मादीसाठी जागा सोडतो, थांबतो, आणि पुन्हा गातो. त्या जागेत काहीही येत नाही. आमच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतले एक काका उठले आणि त्यांनी पंखा बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मला तेव्हा नान्नज आठवलं. सोलापूरजवळच्या त्या माळरानावर माळढोकासाठी 1979 पासून अभयारण्य आहे. मी एक अख्खी सकाळ तिथे काढली. चंडोल गात होते, काळविटांचा कळप दिसला, माळढोकाचा घुमारा काही आला नाही. तो पक्षी आता उरलाय तो बहुतेक राजस्थानात. ऐकू न येणं काय असतं हे मला तिथे पुरतं कळलं नव्हतं, ते ओओच्या त्या मोकळ्या जागेत कळलं.

याच माहितीपटात टफी नावाचा बेडूकही भेटतो, पनामातून अटलांटाला आणलेला, आपल्या जातीचा जगात माहीत असलेला शेवटचा. चित्रण झालं तेव्हा तो जिवंत होता. 2016 मध्ये गेला. आमच्या मुलांनी हे विचारलंच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. दिलासा म्हणून मान्टा मासे सांगता येतील: 2013 मध्ये बँकॉकच्या परिषदेत त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तो क्षण यात आहे.

दहा वर्षांखालची मुलं जास्त असतील तर मी अ‍ॅटनबरोच लावेन. दुसऱ्यात मान्टांची शिकार आणि छतावर वाळत घातलेले शार्कचे पर अंगावर येतात. भूगोलाच्या तासाला जोड हवी असेल तरीही तोच. मोठी माणसं आणि आठवीच्या पुढची मुलं असतील तर मात्र, माझ्या अनुभवापुरतं सांगतो, 'रेसिंग एक्स्टिंक्शन' निवडा आणि त्या गाडीच्या भागाकडे थोडं दुर्लक्ष करा.

एक नक्की करा: प्रोजेक्टरमधल्या बारक्या स्पीकरवर अवलंबून राहू नका, बाहेरचा चांगला स्पीकर मागून आणा. आणि लोक यायच्या आधी ओओचं गाणं एकदा लावून पाहा. शेवटच्या रांगेत ऐकू येत नसेल तर खुर्च्या पुढे ओढा.