शांत वस्तीतलं घर: दहा महिने राहिल्यावर

घर बघायला आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा रविवारी दुपारी. तिथेच फसलो. रविवारी दुपारी कुठलीही वस्ती शांतच असते. गॅलरीत पानांची सळसळ ऐकू आली, बायको म्हणाली, "हेच घेऊया," आणि मीही मान डोलावली.

शांतता आहे, खोटं कशाला बोलू. पण ती दिवसाची. राहायला आल्यावर दुसऱ्याच रात्री 2 वाजता ट्रकच्या घरघरीने जाग आली. महामार्ग इथून अडीच किलोमीटर लांब, दिवसा त्याचा मागमूसही नसतो. आधी वाटलं भास असेल. मग वाचलं तेव्हा उलगडा झाला. ऊन गेलं की जमीन भराभर गार होते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते आणि एरवी वर निघून जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तर जास्तच. मोबाइलच्या अ‍ॅपवर 46 डेसिबल दिसले. अ‍ॅपवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजासाठी सुचवलेली वर्षाची सरासरी 40 आहे. सहानेच जास्त ना, असं मलाही वाटलं होतं. डेसिबलचा हिशोब वेगळा असतो, सहा वाढले की आवाजाची ऊर्जा जवळपास चौपट होते.

जाड पडदे घेतले, पैसे वाया गेले. मग एका रात्री कागदाची पट्टी खिडकीच्या चौकटीशी धरली, तर ती खालच्या कोपऱ्यात फडफडायला लागली. म्हणजे तिथे फट होती. रबरी पट्ट्या लावून सगळ्या फटी बुजवल्या, तेव्हा कुठे बरंच कमी झालं. खोल घरघर मात्र भिंतीतूनही येतेच, तिला इलाज नाही.

प्रवासाचं म्हणाल तर पूर्वी ऑफिस 20 मिनिटांवर होतं, आता 55. जाऊन-येऊन रोज 70 मिनिटं जादा, महिन्याच्या 22 दिवसांचे 25 तासांहून जास्त. घर घेताना हे गणित आम्ही केलं नव्हतं, हप्त्याचं मात्र चार वेळा केलं होतं.

बाकी किरकोळ. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लोणा आलाय, नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. बघायला आलो तेव्हा त्याच भिंतीला टेकून कपाट होतं. माणसं चांगली आहेत, मुलं रस्त्यावर सायकली फिरवतात, ते सुख आधीच्या घरी नव्हतं.

घर पुन्हा घ्यायचं झालं तर एकदा तरी मध्यरात्री गाडी लावून अर्धा तास बसेन, काचा खाली करून. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. बायकोला विचाराल तर पूर्ण पाच, कारण ती पडल्या पडल्या झोपते आणि ट्रक तिला आजवर एकदाही ऐकू आलेला नाही.