ऑटोकॅडमध्ये जुनं कॉम आणि नवं डॉटनेट शेजारी शेजारी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले ऑटोकॅडचे व्हीबीए मॅक्रो, म्हणजे कॉम या जुन्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसमधून काम करणारे छोटे प्रोग्रॅम, बरीच वर्षं नीट चालत होते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्लॅटफॉर्मवर जायचं ठरलं तेव्हा बहुतेकांचा सल्ला होता की जुनं सगळं फेकून नव्याने लिहा. मी कॉमची काही कामं मुद्दाम ठेवली, आणि आज मला तेच योग्य वाटतं.

डॉटनेटचं खरं बळ टायटल ब्लॉकच्या, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीच्या, कामात दिसलं. रिव्हिजन बदलायला जुना मॅक्रो एकेक ड्रॉइंग स्क्रीनवर उघडायचा, ॲट्रिब्युट (चौकटीतला मजकूर) बदलायचा, सेव्ह करून बंद करायचा. आता रीडडीडब्ल्यूजीफाइल या मेथडने ड्रॉइंग एडिटरमध्ये न उघडताच वाचतो. वस्तूचा प्रकार तिच्या ऑब्जेक्टआयडीवरूनच (ओळख क्रमांकावरूनच) कळतो, त्यामुळे हजारो रेषांना हात न लावता फक्त ब्लॉक रेफरन्स (ड्रॉइंगमध्ये ठेवलेले ब्लॉक) उघडायचे. जुन्या मॅक्रोकडे परत जायचा प्रश्नच नाही.

मग कॉम कशाला? झूम एक्स्टेंट्स, म्हणजे सगळं ड्रॉइंग स्क्रीनवर बसवणं, तिथे एका ओळीत होतं. डॉटनेटमध्ये व्ह्यूचं केंद्र, रुंदी, उंची आपणच काढायची. प्रेफरन्सेस (ऑटोकॅडची सेटिंग्ज) डॉटनेटमधून मागितले तरी हातात कॉमचंच ऑब्जेक्ट येतं. साध्या पीडीएफला कॉमची प्लॉटटूफाइल मेथड पुरते, फक्त बॅकग्राउंडप्लॉट हे सेटिंग आधी 0 करा, नाहीतर पुढचा प्लॉट आधीचा संपायच्या आत सुरू होऊ पाहतो.

दोन्हींना जोडायला, डॉटनेटच्या वस्तूवरून तिचं कॉम रूप घ्यायला, ॲकॅडऑब्जेक्ट ही प्रॉपर्टी आहे. उलट यायला फ्रॉमॲकॅडऑब्जेक्ट. माझा नियम कडक आहे: डॉटनेटचं ट्रान्झॅक्शन (बदलांचा एक गट) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्याशिवाय त्याच वस्तूला कॉमकडून हात लावायचा नाही.

कमांड पाठवताना जपा. डॉटनेटच्या सेंडस्ट्रिंगटूएक्झिक्यूट या मेथडने दिलेली कमांड आपला कोड संपल्यावर चालते, त्यामुळे पुढच्याच ओळीत तिचा परिणाम शोधू नका. ऑटोकॅडच्या 2015 आवृत्तीपासून डॉटनेटच्या एडिटर ऑब्जेक्टला कमांड ही मेथड मिळाली, ती तिथल्या तिथे काम करते.

ऑटोकॅड 2025 डॉटनेट 8 वर गेलं. डॉटनेट 8 मध्ये गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट ही मेथड नाही, म्हणून बाहेरच्या एक्झीमधून चालू ऑटोकॅडला पकडणारा जुना कोड तसाच्या तसा नेता येत नाही. ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या प्लगइनमधून ॲकॅडॲप्लिकेशन (ऑटोकॅडचं मुख्य कॉम ऑब्जेक्ट) घेतलं की ही अडचणच उरत नाही, शिवाय प्रत्येक कॉल दुसऱ्या प्रोसेसमध्ये जाण्याचा वेळही वाचतो. कोअर कन्सोलमध्ये, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या ऑटोकॅडमध्ये, मात्र कॉम मिळत नाही. त्यामुळे रात्रीच्या बॅचचा कोड आम्ही निव्वळ डॉटनेटचा, वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवला आहे.