पाणी न काढता ॲक्रिलिक टँकचे स्क्रॅच काढून देतो म्हणाला आणि फसवून गेला

घरी ॲक्रिलिकचा फिशटँक असेल तर हे पूर्ण वाचा, कारण डोंबिवली कल्याण भागात एक माणूस घरोघरी फिरून हे काम करतोय आणि आमच्याकडे त्याने पैसे तर घेतलेच वर मासे पण मारले.

आमचा टँक चार फुटी आहे, साधारण सव्वादोनशे लिटर पाणी बसतं. चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट छोटी, म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिक घेतला होता, वजन काचेच्या निम्म्याहून कमी असतं. पण ॲक्रिलिकला ओरखडे फार पटकन पडतात. टँक आतून पुसायच्या मॅग्नेटमध्ये वाळूचा एक कण अडकला की झालं, समोरच्या बाजूला आतून लांबच लांब रेघा. बाबा रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी टँकसमोर बसतात, त्यांना त्या रेघा फार खुपायच्या. आणि पाणी पूर्ण काढायचं म्हणजे मासे टबमध्ये, फिल्टर बंद, त्यातले चांगले बॅक्टेरिया मरणार, एंजल मासे आधीच नाजूक, त्यामुळे ते नकोच होतं.

तर ऑनलाइन जाहिरात दिसली, "पाणी न काढता, मासे न हलवता स्क्रॅच रिमूव्हल". इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पाणी न काढता ओरखडे काढता येतात हे शंभर टक्के खरं आहे. त्यामुळेच हा माणूस चालतो. दुकानात विचारा, इंटरनेटवर बघा, सगळे हो म्हणतात, मग शंका कशाला येईल.

तो आला, बॅग, ग्लोव्हज, बोलायला एकदम गोड, बाबांना काका काका करत होता. आधी म्हणाला बाहेरची बाजू दाखवतो. एका कपड्यावर बाटलीतलं काहीतरी घेऊन पुसलं (थिनरसारखा वास होता), मग दुसऱ्या बाटलीतलं घट्टसर लिक्विड चोळलं, इम्पोर्टेड आहे म्हणाला, आणि खरंच समोरचे बारीक ओरखडे गायब! आम्ही सगळे बघतच राहिलो. मग आतून करतो म्हणाला, टँकची वरची एलईडी बंद केली, शॉक लागू नये म्हणून, आणि तेच लिक्विड स्पंजला लावून हात पाण्यात घालून चोळत बसला. मी विचारलं माशांना काही होणार नाही ना, तर म्हणे साहेब पूर्ण फिश सेफ आहे. लाइट लावायच्या आधीच काम झालं म्हणून दाखवलं, साडेचार हजार घेतले कॅशमध्ये, बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला. ते काही आलं नाही.

रात्री लाइट लावला तर आतल्या रेघा जशाच्या तशा. आणि सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, पाण्यावर तेलकट तवंग. तवंगामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट मिसळत नाही. एअर पंप फुल केला, पेपर नॅपकिन पाण्यावर पसरून तवंग उचलला, परत परत, मग थोडं थोडं पाणी बदललं अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध) टाकून, फिल्टरमध्ये पाण्यातली रसायनं शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन घातला. बाकीचे सावरले पण दोन एंजल गेले. त्यातला एक बाबांचा आवडता, हाताजवळ यायचा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

नंतर हे काम खरंच येणाऱ्या एका जुन्या फिशवाल्या काकांनी सगळं उलगडून सांगितलं, तेच तुम्हाला सांगतोय.

त्या माणसाने ओरखडा काढलाच नाही, भरला. सिलिकॉन किंवा वॅक्सवालं पॉलिश रेघेत जाऊन बसतं आणि रेघ दिसेनाशी होते, काही दिवसांत पुसलं गेलं की परत हजर. साध्या पाण्याचं बोट बाहेरच्या ओरखड्यावर फिरवून बघा, ओलं असेपर्यंत तो पण फिका दिसतो. याचं कारण असं की ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १, म्हणजे रेघेत हवेऐवजी दुसरं काही भरलं की प्रकाश कमी वाकतो. आतले ओरखडे तर पाण्यातच असतात त्यामुळे मुळातच अर्धे लपलेले, वरून लाइट पडला तरच चमकतात. एलईडी बंद करण्यामागे शॉकबिक काही नव्हतं.

खरं काम म्हणजे घासणं. ॲक्रिलिकचा थर एकदम बारीक घासून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवायचा आणि मग परत पारदर्शक होईपर्यंत आणखी बारीक पॅडने घासत जायचं. त्यासाठी मायक्रोमेशचे घासायचे पॅड मिळतात, १५०० पासून १२००० नंबरपर्यंत (नंबर जितका मोठा तितका पॅड बारीक), एकही नंबर न गाळता, आणि प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीच्या पॅडच्या रेघा जातात. पाण्याच्या आत कुठलंही लिक्विड लागत नाही, टँकचं पाणीच पुरतं. कुणी बाटली घेऊन हात आत घालायला लागला की तिथेच थांबवा. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण ही, की घासायला सुरुवात केल्यावर तो भाग आधी जास्त खराब दिसतो, पांढुरका, धुरकट होतो, मग हळूहळू साफ होत जातो. आमच्याकडे धुरकट झालंच नाही, थेट गायब! तळहाताएवढ्या जागेला सुद्धा तास जाऊ शकतो, आणि हा माणूस चहा पिऊन पाऊण तासात पूर्ण टँक करून गेला. नखाला अडकणारा खोल ओरखडा असेल तर चांगला कारागीर सांगेल की एवढं खोल घासलं तर तिथून बघताना मासा वाकडा दिसेल, राहू द्या. याने सगळ्यालाच हो म्हटलं होतं.

थिनरचं अजून राहिलं. काही आठवड्यांनी टँकच्या कडांना, जिथे जोड आहेत तिथे, केसासारख्या बारीक चिरा दिसायला लागल्या. ॲक्रिलिकवर थिनर, ॲसिटोन, स्पिरिट, अमोनियावाला ग्लास क्लीनर काहीच चालत नाही, जिथे ताण असतो तिथे तडे जातात. ते घासून जात नाहीत आणि जोड कमकुवत झाला तर सव्वादोनशे लिटर पाणी घरात. म्हणजे साडेचार हजारांच्या कामात पूर्ण टँक बदलायची वेळ आली आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण न बोलवता नुसत्या रेघांसोबत तो टँक अजून कितीतरी वर्षं चालला असता.

फोन केला तर आधी "उद्या येतो", मग ब्लॉक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण बिल नाही, पत्ता नाही, कॅश दिलेली, त्यामुळे अवघड आहे हे तिथेच कळलं. तुम्ही कुणालाही बोलावलंत तर पैसे यूपीआयने द्या, नाव तरी राहतं, आणि आधी एका कोपऱ्यात करायला लावून चार दिवस थांबा, एलईडी चालू ठेवून बघा.

त्याची जाहिरात परत दिसतेय, नंबर वेगळा आहे, आता बदलापूर अंबरनाथ लिहिलंय. फोटो तेच आहेत, त्यातल्या एका आधी-नंतरच्या फोटोत मागे निळी भिंत आणि खिडकीत तुळशीची कुंडी आहे, आणि आधीच्या फोटोत टँकचा लाइट चालू आहे, नंतरच्यात बंद.